श्रद्धेची कादंबरी कुठवर आली?

डिसेंबर 2012मध्ये पॉल एली या अमेरिकी समीक्षकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून एक बोचरा प्रश्न विचारला: कथा-कादंबरीतली श्रद्धा हरवली आहे का? वर्षभरात कवी डेना जोया यांनी कॅथलिक लेखकाच्या आजच्या स्थितीवर दीर्घ लेख लिहून तीच खंत आणखी तीव्रपणे मांडली. विसाव्या शतकाच्या मध्याला जे लेखक साहित्याच्या ऐन दरबारात बसत, त्यांचे वारस आज कुठे दिसत नाहीत, असा एकूण सूर. खंतीत तथ्य आहे. मात्र नुसती लेखकांची डोकी मोजून काही हाती लागणार नाही. श्रद्धेच्या कादंबरीचे बळ होते ते श्रद्धेपायी माणसाला काय मोजावे लागते ते दाखवण्यात.

इंग्रज कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन 1926मध्ये कॅथलिक झाले, त्याला निमित्त लग्नाचे. 1938मध्ये ते मेक्सिकोतल्या टबास्को प्रांतात गेले. तिथे सरकारने चर्च बंद पाडली होती, धर्मगुरूंना हुसकून लावले होते. त्यातून 1940मध्ये ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ आली. तिचा नायक दारुडा पाद्री, एका मुलीचा बाप, मरणाला घाबरणारा. तरीही शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाचे पापनिवेदन ऐकायला तो जाणूनबुजून सापळ्यात परततो. रोमने पुस्तकावर नाराजी कळवली. पुढे 1965च्या भेटीत पोप पॉल सहावे यांनी मात्र ग्रीन यांना दिलासा दिला: काही कॅथलिकांना तुमचे लिखाण खुपणारच, मनावर घेऊ नका. त्यांच्याच ‘द एन्ड ऑफ द अफेअर’मधली सारा बॉम्बहल्ल्यात प्रियकर मेला असे समजून देवाला शब्द देते, की हा जगला तर मी याला सोडीन. तो जगतो, आणि तिचे प्रेम खरे असल्यामुळेच तो नवस तिला जाळत राहतो.

जपानी कादंबरीकार शुसाकू एन्डो यांच्याकडे हीच गोष्ट अधिक खोल जाते. अकराव्या वर्षी आईच्या इच्छेखातर त्यांचा स्नानसंस्कार झाला. ख्रिस्ती धर्म म्हणजे आईने अंगावर चढवलेला, मापात न बसणारा परदेशी सूट, असे ते म्हणत. तो उसवून जपानी अंगाला बसवण्यात त्यांचे लेखन खर्ची पडले. 1960नंतर क्षयाने त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात खिळवले, फुप्फुसांवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर 1966मध्ये, जपानमधल्या ख्रिस्ती लोकांच्या छळावरची ‘सायलेन्स’ आली. तिच्यातल्या एका रात्री कोठडीतल्या फादर रॉड्रिग्जला बाहेरून घोरण्याचा आवाज येतो. पहारेकरी झोपला असेल, म्हणून तो वैतागतो. मग कळते, खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी कण्हत आहेत. त्यांनी धर्म केव्हाच नाकारला आहे. पाद्रीने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय दिला तरच त्यांची सुटका. प्रतिमेवरचा चेहरा असंख्य पावलांनी झिजून गेलेला. रॉड्रिग्ज पाय ठेवतो, आणि पायात वेदना होते. हा विश्वासघात की प्रेमाची परिसीमा? एन्डो निकाल देत नाहीत, आणि या कादंबरीची थोरवी त्यातच आहे.

अमेरिकी लेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर यांना वडिलांना झालेलाच ल्युपस हा आजार झाला. जॉर्जियातल्या शेतावर आईजवळ राहून, कुबड्या घेऊन चालत, त्या रोज सकाळी लिहीत. 1958मध्ये त्या काहीशा अनिच्छेनेच लूर्द या तीर्थक्षेत्री गेल्या, तिथल्या पाण्यात उतरल्या आणि प्रार्थना केली ती हाडांसाठी न करता अडलेल्या कादंबरीसाठी. 1964मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. वंशभेदाविषयीचे त्यांचे खासगी उद्गार आता उजेडात आले आहेत. ते झाकून ठेवू नयेत. कृपेचे इतके तीक्ष्ण भान असलेली लेखिका इथे अपुरी पडली.

आजचे काय? अमेरिकी लेखिका ॲलिस मॅकडर्मॉट यांची ‘द नाइन्थ अवर’ (2017) ब्रुकलिनमधल्या रुग्णसेवक धर्मभगिनींची आहे. मळलेली अंथरुणे, जखमा, वास, सारे तिच्यात आहे. नॉर्वेजियन लेखक यून फोसे 2013च्या सुमारास कॅथलिक झाले, 2023मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्या ‘सेप्टोलॉजी’त पूर्णविराम नाहीत आणि प्रत्येक भाग म्हाताऱ्या चित्रकाराच्या जपमाळेच्या प्रार्थनेत मिटतो. ही दोन पुस्तके जिवंत आहेत. एरवी बहुतेक ठिकाणी श्रद्धा आजीच्या आठवणीपुरती उरते. गद्य देखणे असते, पण श्रद्धेपायी कोणाचे काही पणाला लागत नाही.

मराठीला हा विषय परका नाही. धर्मप्रचारक फ्रान्सिस झेविअर 1549मध्ये जपानला निघाले ते गोव्याहून. ‘सायलेन्स’मधले पाद्रीही गोव्यावरूनच जातात. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616मध्ये छापले गेले. चार शतकांनी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. निरूपण, ललित, कविता या वाटा वसईच्या ख्रिस्ती लेखकांनी रुंद केल्या. कादंबरी त्या मानाने मागे राहिली. सामग्री तर दाराशी आहे. 1560मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आले, 1739मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण आपली बोली बोलणारी कॅथलिक घरे तिथेच राहिली. त्या घरांत कोणी भीतीपोटी काय सोडले, प्रेमापोटी काय धरून ठेवले, हे ग्रीन-एन्डोंच्या धारिष्ट्याने लिहिणारा कादंबरीकार मराठीला हवा आहे.