दोष एकट्या चोराचा?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लिंकन नावाच्या गावी लिंकन कॉलेज होते. १८६५ साली स्थापन झालेली ही संस्था १९१२ ची आग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, पुढची महामंदी आणि दोन महायुद्धे यांतून तरली. १३ मे २०२२ रोजी मात्र ती कायमची बंद पडली. ‘सायबर हल्ल्याने कॉलेज बुडाले’ अशा अर्थाचे मथळे तेव्हा झळकले. हे निदान कितपत बरोबर आहे?

हल्ला झाला डिसेंबर २०२१ मध्ये. तो खंडणीखोर आज्ञावलीचा, म्हणजे रॅन्समवेअरचा होता. अशी आज्ञावली संगणकात शिरली की तेथील माहिती गुप्त लिपीत बदलून टाकते. माहिती जागीच असते, पण मालकालाच वाचता येत नाही. कपाट आपले, कुलूप चोराचे! किल्ली हवी तर पैसे मोजायचे. कॉलेजने एक लाख डॉलरपेक्षा कमी खंडणी भरल्याचे त्याच्या अध्यक्षांनी सांगितले. तरी सर्व यंत्रणा पूर्ववत व्हायला मार्च २०२२ उजाडला. तोवर प्रवेशाचे आणि देणग्यांचे काम ठप्प होते. पुढील वर्षी किती विद्यार्थी येणार, याचा अंदाजच करता येईना. माहिती हाती आली तेव्हा प्रवेश फार कमी असल्याचे दिसले, आणि सावरायला वेळ उरला नव्हता.

परंतु कोविडच्या साथीने हे कॉलेज आधीच खिळखिळे झाले होते. इतिहासाचे शिक्षक १८५७ शिकवताना काडतुसांना ‘तात्कालिक कारण’ म्हणतात आणि मूळ कारणे वेगळी सांगतात. येथेही तोच विवेक हवा. हल्ला ही ठिणगी होती. प्रवेशाची सारी माहिती एकाच यंत्रणेत असणे आणि ती बंद पडताच हातात काहीही न उरणे, हे कोरडे गवत होते.

हल्ल्याचा दुसरा प्रकार याहून सोपा आहे. एस.टी. स्थानकाच्या खिडकीवर तिकीट नको असलेली शंभर माणसे उभी राहून ‘गाडी किती वाजता?’ एवढेच विचारत राहिली, तर खरा प्रवासी मागेच राहील. असंख्य संगणकांकडून एकाच संकेतस्थळावर अशा खोट्या विचारणांचा भडिमार करतात. त्यात काही चोरीला जात नाही. फक्त दार अडते. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तेवढे पुरते.

दार अडायला शत्रूच लागतो असेही नाही. २०२५ साली महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला हल्ला आणि अव्यवस्था यांतला फरक कळत नाही. त्याला एवढेच कळते की अर्ज जात नाही आणि मुदत संपत आली आहे. जी यंत्रणा प्रामाणिक गर्दीने बसते, ती अप्रामाणिक गर्दीपुढे काय टिकणार?

म्हणून ‘आमच्यावर सायबर हल्ला झाला’ हे उत्तर पुरेसे मानू नये. चोर गुन्हेगार आहेच. पण दार एकच का ठेवले, हा प्रश्न संस्थेला विचारायचा आहे. माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडलेल्या जागी ठेवता येते. संकेतस्थळ जितके तास बंद तितकी मुदत आपोआप वाढेल, असा नियम करता येतो. अडलेला अर्ज कागदावर स्वीकारून पोच देता येते. यांपैकी कशालाही मोठे संशोधन लागत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही निरीक्षणांची दुसरी प्रत ठेवतो, पण ती उघडते का हे पाहायचे अनेकदा राहून जाते. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे, नुसता विश्वास असतो. तेव्हा शिक्षकांनी आपल्या कार्यालयात एकदा विचारावे: राखीव प्रतीवरून माहिती परत उभी करून आपण शेवटचे कधी पाहिले? उत्तर द्यायला जितका वेळ लागेल, तितकी काळजी करावी.