पोथी कपाटात, वारसा कंठात
(फादर स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराणा’चे पुनर्वाचन)

मुलाबाळांसाठी माणूस काय ठेवून जातो, याचा हिशेब आपल्या समाजात बहुधा वाडी, घर आणि दागिने यांच्या वाटणीपाशी संपतो. धर्मगुरूला हा हिशेब लागू पडत नाही. त्याला वंश नसतो, आणि त्याचे जे काही मागे उरायचे ते दुसऱ्यांच्या मुलांच्या मुखी उरते. आपल्या भाषेत या प्रकारचे सर्वांत मोठे मृत्युपत्र लिहून ठेवले ते एका इंग्रज धर्मगुरूने. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव आणि ‘ख्रिस्तपुराण’ हे त्यांचे मृत्युपत्र. त्या पुराणाचा गौरव आपण वारंवार करतो. परंतु तो वारसा आपण खरोखर स्वीकारला आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो.

स्टीफन्स इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातले. मायदेशी कॅथलिक श्रद्धेला राजमान्यता नव्हती. ते रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाले आणि 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात घालविली आणि 1619 मध्ये याच भूमीत देह ठेवला. ते मायदेशी कधीच परतले नाहीत. ज्यांना वारसा द्यायचा ती माणसे रक्ताची नव्हती, भाषेची नव्हती, देशाचीही नव्हती. 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

ग्रंथाचा विस्तार प्रचंड आहे. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे, तर ‘दुसरे पुराण’ प्रभू येशूच्या चरित्राचे. अवस्वरू म्हणजे अध्याय. पहिल्या पुराणात ते 36 आणि दुसऱ्यात 59 असून ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. आपल्याकडे मात्र त्यांतील मराठीच्या स्तुतीच्या चारदोन ओव्याच माहीत असतात. व्यासपीठावर त्याच म्हटल्या जातात. परिणाम असा, की तारणाची समग्र कथा सांगणारा कवी केवळ मराठीचा एक परदेशी प्रशंसक म्हणून उरतो. त्या ओव्या सुंदर आहेत, यात शंका नाही. पण त्या दारावरचे तोरण आहेत. तोरण पाहून उंबऱ्यावरूनच परतणाऱ्याने घर पाहिले, असे कसे म्हणावे?

आत शिरलेल्या वाचकाला तीन गोष्टी विशेषत्वाने जाणवतात. पहिली म्हणजे भाषेची निवड. ग्रंथाच्या मराठी प्रस्तावनेत कवी आपली रीत स्वतःच सांगतात. परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करण्यास मराठी योग्य वाटली; परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांना उमगत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून तेथील बोलीतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असा त्या निवेदनाचा आशय आहे. ज्याने परकी भाषा इतक्या कष्टाने आत्मसात केली, त्याला पांडित्य मिरविण्याचा मोह किती झाला असेल! त्याने तो आवरला. हातातले ओझे घेणाऱ्याला पेलेल इतके हलके करणे, ही वारसा देण्यातली पहिली तपश्चर्या होय.

दुसरी गोष्ट म्हणजे छंद. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत ज्या ओवीने मराठी माणसाचा कान घडविला, तीच ओवी स्टीफन्स यांनी घेतली. ग्रंथारंभी नमन आहे, स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द आहे, गुरू आहे, मुक्ती आहे. हे केवळ बाह्य अलंकरण नव्हे. नवख्रिस्ती घरातल्या आजीला जी लय अंगवळणी पडलेली होती, त्याच लयीत तिला शुभवर्तमान ऐकविले गेले, म्हणून ते तिच्या तोंडून नातवंडाकडे जाऊ शकले. संत पौल तीमथ्याला त्याच्या आजीच्या, लोईसच्या, आणि आईच्या, युनीकेच्या, श्रद्धेची आठवण करून देतो. श्रद्धेचा मार्ग तेव्हाही घरातूनच जात होता.

तिसरी गोष्ट म्हणजे संवाद. पुराणात श्रोते मध्येच प्रश्न विचारतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतो. काही ठिकाणी हे निरूपण लांबते आणि कवीवर धर्मशिक्षक मात करतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही या रचनेत एक शहाणपण आहे. जो वारसा पुढच्या पिढीला प्रश्न विचारू देत नाही, तो तिच्या अंगावर केवळ भार होऊन बसतो.

प्रश्नांचा विषय निघाला, तेव्हा एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. पुराणाच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोत्याचे गाऱ्हाणे येते: जुनी पुराणे आम्हाला वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे. म्हणजे जी पोकळी स्टीफन्स भरू पाहत होते, ती काही अंशी सत्तेने निर्माण केलेली होती. साष्टीत देवळे पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि त्यानंतर तेथील गावकऱ्यांच्या प्रमुखांनाही ठार मारण्यात आले. हे सारे स्टीफन्स यांच्या हयातीत, त्यांच्याच कार्यक्षेत्रात घडले. इतर धर्मांविषयी आदराची जी भाषा दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1965 मध्ये बोलली, ती या ग्रंथात शोधू नये. ती तेथे नाही. आजच्या ख्रिस्ती वाचकाने हा ग्रंथ प्रेमाने वाचावा, पण ही जाणीव ठेवून वाचावा. वडिलांचे घर स्वीकारताना त्याच्या भिंतींतील भेगाही आपल्याच होतात.

आता या वारशाचे पुढे काय झाले ते पाहू. 1649 आणि 1654 साली पुराण पुन्हा छापले गेले. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. मग ग्रंथ टिकला कसा? तो हस्तलिखितांतून टिकला. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी तो बरोबर नेला, उतरवून घेतला, गायिला. 1784 ते 1799 या काळात मंगळूरकडील ख्रिस्ती जन टिपू सुलतानाच्या कैदेत श्रीरंगपट्टणला होते. त्या दिवसांत याच पुराणाने श्रद्धा तगविली, असे मंगळुरी परंपरा सांगते. पुढे 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला चौथी आवृत्ती काढली, ती अशा हस्तलिखितांच्याच आधारे. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली, आणि 2009 मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी आधुनिक मराठी गद्यानुवादासह संहिता सिद्ध केली.

वाचकहो, या इतिहासाचे तात्पर्य उघड आहे. छापखान्याच्या प्रती नाहीशा झाल्या आणि घराघरांतल्या वह्या उरल्या. ज्यांनी गायिले त्यांनीच राखिले. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. छापील प्रत विकत मिळते, गद्यानुवाद हाताशी आहे, फर्मान काढणारा कोणी नाही. पण गाणारा कंठ नाही. आपली मुले इंग्रजीतून शिकतात, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या घरात आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि नातवाला तिचे शब्द कळत नाहीत, तेथे 1684 चे फर्मान तीनशेहून अधिक वर्षांनी आपण आपल्याच हातांनी अमलात आणीत आहोत.

गद्यानुवाद ही मोठी सेवा आहे. तो अर्थाची वाट उजळतो. ओवी मात्र ओठांवर आल्याखेरीज जिवंत होत नाही. म्हणून ‘ख्रिस्तपुराणा’ची खरी समीक्षा नियतकालिकाच्या पानांवर पुरी होणार नाही. ती घरातच व्हावयाची आहे. प्रायश्चित्तकाळात आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या अवस्वरूला द्यावी. ओव्या आजोबांनी म्हणाव्यात, अर्थ आईने वाचावा आणि प्रश्न मुलांनी विचारावेत. उत्तर आले नाही, तर तो प्रश्न धर्मगुरूकडे आणावा. पाद्री-गुरूचे ते कामच आहे. साष्टीतल्या त्या निपुत्रिक धर्मगुरूने आपल्या मुलांसाठी सुमारे अकरा हजार ओव्या ठेवल्या आहेत. त्यांतील दहा तरी आपल्या घरात पाठ असाव्यात, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.