मेकॅनिक कोणाचा? टेस्ला रोडस्टरच्या खरेदी-मार्गदर्शिकेविषयी



समीक्षा म्हटली की आपण कथा-कादंबरी धरतो, फार तर सिनेमा. आज बोलायचंय ते एका साध्या लेखनप्रकाराबद्दल: खरेदी-मार्गदर्शिका. तीसुद्धा सेकंडहँड गाडी घेणाऱ्यासाठी, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीतल्याच कर्मचाऱ्याने केलेली. उदाहरण टेस्ला रोडस्टरचं घेऊ. कादंबरी फसली तर आपल्या दोन संध्याकाळी वाया जातात. इथे लेखन फसलं तर वाचकाची बचत जाते. म्हणून हा प्रकार तपासायला हवा.

आधी गाडी. विजेवर चालणारी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार २००८ ते २०१२ या काळात विकली गेली. एकूण सुमारे २,४५० गाड्या. मूळ सांगाडा लोटस कंपनीच्या एलिसवरून घेतलेला, बॉडी कार्बन फायबरची, बॅटरीत लॅपटॉपमध्ये असतात तसे ६,८३१ सेल. किंमत एक लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे गाड्या मोजक्या आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्याला त्यातलं काही कळणार नाही.

आपल्याकडे जुनी गाडी बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतात. तो बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो आणि हळूच कानात सांगतो, "नको घेऊ." रोडस्टरच्या बाबतीत असा मेकॅनिक बहुतेक कंपनीतच सापडणार. प्रश्न एवढाच, की तो आपल्या बाजूने आलाय की विकणाऱ्याच्या?

त्याचं मोल मी नाकारत नाही. १.५, २.० आणि २.५ या आवृत्त्यांत फरक काय, मोटरला वीज पुरवणाऱ्या मागच्या इलेक्ट्रॉनिक खोक्यात धूळ साचते आणि ते वेळच्या वेळी साफ करावं लागतं, टेस्लाच्या सुपरचार्जरवर ही गाडी चार्ज होत नाही, हे आतला माणूस सहज सांगतो. बॅटरीची उरलेली क्षमता सांगणारा सीएसी नावाचा आकडा गाडीच्या नोंदींतून काढता येतो. नव्या गाडीत तो १६०च्या आसपास असायचा. जाहिरातीतल्या चकचकीत फोटोंपेक्षा हा एक आकडा जास्त बोलतो. हे ज्ञान गाड्या उघडून मिळतं, बाहेर बसून मिळत नाही.

पण आतल्या माणसाची भाषा बघा. आपला तो बाब्या! परक्या गाडीचा दोष हा दोष असतो, स्वतःच्या गाडीचा 'स्वभाव' होतो. रेंजचंच घ्या. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत रोडस्टरला २४४ मैल मिळाले, म्हणजे सुमारे ३९३ किलोमीटर. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात सायमन हॅकेट यांनी एका चार्जवर ५०१ किलोमीटर चालवून दाखवली. दोन्ही आकडे खरे. पण दुसरा मिळाला तो रेंज वाचवत, सावकाश चालवून. मार्गदर्शिकेत पहिल्या वाक्यात कुठला आकडा येतो आणि तळटीपेत कुठला जातो, यावरून लेखक कुणाच्या बाजूला उभा आहे ते कळतं. खोटं न बोलताही बाजू घेता येते, मंडळी.

आता मुख्य मुद्दा. फेब्रुवारी २०१२ मध्ये एक वाद गाजला. रोडस्टर चार्जिंगला न लावता बराच काळ उभी ठेवली आणि बॅटरी पूर्ण उतरली, तर ती कायमची निकामी होऊ शकते. नवी बॅटरी बसवायला सुमारे ४०,००० डॉलर लागतात, अशा बातम्या आल्या. गाडीची अक्षरशः 'वीट' होते, असं लोक म्हणू लागले. कंपनीचं म्हणणं असं, की प्रत्येक गाडीला निगा लागतेच आणि गाडी प्लगला लावून ठेवायची सूचना मालकाला दिलेली असते.

बरोबर आहे, सूचना होती. पण कोणासाठी? पहिल्या मालकासाठी. सेकंडहँड गिऱ्हाईक कंपनीच्या टेबलासमोर कधी बसलेलंच नसतं. मॅन्युअल त्याच्या हाती पडेल की नाही, सांगता येत नाही. आणि पडलं तरी कधी? पैसे दिल्यानंतर! मॅन्युअल मालकासाठी असतं, मार्गदर्शिका गिऱ्हाइकासाठी. एकच खरं वाक्य पैसे देण्याआधी वाचलं तर तो सल्ला असतो, नंतर वाचलं तर ती जबाबदारी झटकणं ठरते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. "गाडी नियमित चार्ज करा" हे मालकाला सांगायचं वाक्य झालं. गिऱ्हाइकाला वेगळं सांगावं लागतं: ही गाडी किती महिने उभी होती ते विचारा, चार्जिंगच्या नोंदी मागा, आणि विकणारा टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. कर्मचाऱ्याची मार्गदर्शिका पहिल्या वाक्यावर थांबते की दुसऱ्यापर्यंत जाते, ते बघा. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेली वाढीव क्षमतेची नवी बॅटरी २९,००० डॉलरला देऊ केली होती. असा खर्च गाडीच्या किमतीशेजारीच लिहायला हवा, चार पानांनंतर नव्हे.

कर्मचाऱ्याने लिहिलं म्हणून ते फेकून देऊ नका. उलट, नोकरी सांभाळूनही जो "अशी गाडी घेऊ नका" असं छापतो, त्याच्यावर मी कुठल्याही तटस्थ तज्ज्ञापेक्षा जास्त विश्वास ठेवीन. फक्त ते वाक्य त्यात आहे का, हे आधी शोधा. नसेल, तर मेकॅनिक दुकानदाराचा आहे असं समजा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.