दोष एकट्या बर्फाचा नव्हता
'एन्ड्युरन्स'ची गोष्ट पुन्हा वाचताना

आल्फ्रेड लॅन्सिंग या अमेरिकन पत्रकाराचे 'एन्ड्युरन्स' हे इंग्रजी पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले. धाडसाच्या गोष्टी सांगताना अनेक शिक्षक त्यातील कथा निवडतात. अर्नेस्ट शॅकल्टन यांचे जहाज जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकले. २७ ऑक्टोबरला ते सोडून द्यावे लागले आणि २१ नोव्हेंबरला ते बुडाले. तरीही त्यावरची सर्व २८ माणसे जिवंत परतली.

पुस्तक वाचनीय आहे, यात वाद नाही. लॅन्सिंग यांनी खलाशांच्या रोजनिशा मिळवल्या आणि हयात असलेल्यांना भेटून माहिती घेतली. त्यामुळे थंडी, भूक, कंटाळा आणि विनोद हे सारे खरे वाटते. आमची तक्रार वेगळी आहे. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात एक समजूत पक्की होते: जहाज अत्यंत मजबूत होते, पण बर्फापुढे कोणाचेच काही चालले नसते. विज्ञान शिकवणाऱ्याने ही समजूत तपासली पाहिजे.

लॅन्सिंग हे जहाज नॉर्वेतील सर्वांत मजबूत लाकडी जहाजांमध्ये गणतात. त्याच ठिकाणी ते एक महत्त्वाची गोष्टही नोंदवतात. नान्सेन यांच्या 'फ्राम' जहाजाचा तळ वाडग्यासारखा गोल होता, त्यामुळे दाब आला की ते वर उचलले जाई. 'एन्ड्युरन्स' मात्र सैल बर्फासाठी बांधलेले होते. म्हणजे लेखकाला मर्म ठाऊक होते. परंतु ही बाब एका परिच्छेदात येते आणि पुढे पुस्तक ती विसरते. नंतर दिसतो तो फक्त चहूबाजूंनी चालून येणारा बर्फ. रोजनिशा लिहिणाऱ्यांना डेकवरून तोच दिसत होता; जहाजाच्या पोटातील तुळयांचे गणित रोजनिशीत उतरत नाही. लेखकाने जी साधने वापरली त्यांचीच नजर पुस्तकाला मिळाली.

हे मर्म समजून घेण्यासाठी वर्गात एक प्रयोग करावा. खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. तो चटकन मोडतो. तसाच दुसरा खडू टेबलावर उभा धरून वरून सरळ दाबा. आता तो सहजासहजी मोडत नाही. बर्फाचेही असेच आहे. त्याला चिरडायला जितके बल लागते, त्याच्या कितीतरी कमी बलाने तो वाकवून मोडता येतो. म्हणून बर्फफोडे जहाज सुरीसारखे बर्फ कापत नाही. त्याचे उतरते नाक बर्फावर चढते, जहाजाच्या वजनाने बर्फ खाली वाकतो आणि तुटतो.

आता जहाज अडकले आहे आणि वारा व प्रवाह दोन्ही बाजूंनी बर्फ रेटत आहेत असे समजा. जहाजाची बाजू उभी असेल तर बर्फाला वाकायला वावच नाही. तो चिरडला जाईपर्यंत दाब वाढतच राहतो आणि तो सारा जहाजाला सोसावा लागतो. बाजू गोलसर असेल तर जहाज वर सरकते किंवा बर्फ खाली वाकून मोडतो. कॉलिन आर्चर यांनी १८९२ मध्ये बांधलेले 'फ्राम' सुमारे ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद होते. 'एन्ड्युरन्स' ४४ मीटर लांब, पण रुंदी साडेसात मीटरच्या आसपास. 'फ्राम' १८९३ ते १८९६ अशी तीन वर्षे आर्क्टिकच्या बर्फाबरोबर वाहत जाऊन सुखरूप बाहेर पडले. मात्र उघड्या समुद्रात ते बेसुमार डोलत असे. गोल तळाची ती किंमत होती.

'एन्ड्युरन्स' मुळात आर्क्टिकमधील पर्यटकांसाठी बांधले गेले होते. त्या कामासाठी त्याची रचना चुकीची नव्हती. चूक झाली ती काम बदलल्यावर.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील युक्का तुहकुरी यांनी 'पोलर रेकॉर्ड' या नियतकालिकात २०२५ साली या जहाजाच्या रचनेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ सुकाणू तुटल्याने जहाज गेले, हा लोकप्रिय समज त्यांना पटत नाही. त्या काळच्या इतर ध्रुवीय जहाजांच्या तुलनेत याच्या तुळया आणि फासळ्या कमकुवत होत्या, इंजिनाचा कप्पा लांब असल्याने तेथील बाजू विशेष दुबळी होती, आणि बर्फाच्या दाबाखाली तळाचा कणाही उखडला गेला, असे ते दाखवतात. बाजूंना आतून आधार देणाऱ्या तिरप्या तुळया या जहाजात नव्हत्या. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकट करा आणि कोपरा दाबा. ती तिरकी होऊन बसते. कर्णावर पाचवी पट्टी ठोकली की ती हलत नाही. तिरप्या तुळयांचे महत्त्व मुलांना एवढ्यावरून पटेल.

अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. फिल्चनर यांच्या 'डॉइशलांड' जहाजात अशा तिरप्या तुळया घालाव्यात, हा सल्ला स्वतः शॅकल्टन यांनीच दिला होता. ते जहाज १९१२ मध्ये याच वेडेल समुद्रात कित्येक महिने अडकूनही वाचले. आपले नवे जहाज जुन्या 'निमरॉड'इतके मजबूत नाही, असे शॅकल्टन यांनी निघताना पत्नीला लिहिलेही होते. म्हणजे धोका त्यांना माहीत होता. तरी ते निघाले. पैसा, वेळ की महत्त्वाकांक्षा, यांपैकी कशाने त्यांना भाग पाडले हे ठरवणे आमचे काम नव्हे. पण माणसे वाचवण्यातील त्यांचे नेतृत्व थोर होते आणि जहाजाविषयीचा त्यांचा निर्णय धोक्याचा होता, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. वर्गात बहुधा पहिलेच सांगितले जाते.

१९१२ साली जहाजाची बर्फातील चाचणी घेण्याची सोयही नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बर्फाचा पहिला चाचणी-हौद लेनिनग्राडमध्ये १९५५ साली झाला. अशा हौदात जहाजाची प्रतिकृती २० पट लहान असेल तर बर्फ २० पट पातळ हवाच, शिवाय तो २० पट कमजोरही हवा. साधे गोठवलेले पाणी त्यासाठी फार कणखर ठरते. म्हणून आल्टो विद्यापीठाच्या ४० मीटर लांब-रुंद हौदात पाण्यात इथेनॉल मिसळून मुद्दाम दुबळा बर्फ करतात. खऱ्या जहाजांवरही मोजमाप होते. दक्षिण आफ्रिकेच्या 'अगुल्हास-२' जहाजाच्या अंगावर बर्फाचा भार मोजणारी उपकरणे बसवलेली आहेत. मार्च २०२२ मध्ये ३००८ मीटर खोलीवर 'एन्ड्युरन्स'चे अवशेष सापडले, ते याच जहाजावरून गेलेल्या मोहिमेला.

२०१७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय संहितेत 'जहाज मजबूत आहे का' असा मोघम प्रश्न नाही. कोणत्या प्रकारच्या बर्फात ते जाऊ शकते, हे प्रमाणपत्रात नोंदवावे लागते. आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली ती भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून. स्वतःचे ध्रुवीय संशोधन जहाज बांधण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने २०२५ मध्ये नॉर्वेच्या कंपनीशी सामंजस्य करार केला आहे. आज वर्गात बसलेली काही मुले उद्या अशा जहाजाच्या आराखड्यावर काम करतील.

तेव्हा लॅन्सिंग यांचे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे आणि मुलांना सांगावे. फक्त जहाज बुडण्याच्या प्रसंगी थांबून विचारावे: हे जहाज कोणत्या बर्फासाठी बांधले होते? मग खडू आणि पाच पट्ट्या टेबलावर ठेवाव्यात. गोष्टीची गोडी त्याने कमी होणार नाही, असा आमचा अनुभव आहे.