‘देशी’ गवत, पण कुठल्या खाडीचं?

किनारा आणि पाणथळ जागा सावरण्यासाठी देशी गवतं, या विषयावर प्रपोजल लिहायला घेतलंत तर एक पेपर तुमच्या समोर येईलच. २०१७ साली ‘हायड्रोबायोलॉजिया’मध्ये आलेला, बेगम आणि सहकाऱ्यांचा. सुंदरबनातल्या एका उजाड झालेल्या कांदळवनात त्यांनी मीठ सोसणारी स्थानिक गवतं लावली, ती तिथे कशी रुळली ते पाहिलं आणि जमिनीत काय फरक पडला ते मोजलं. पेपर चांगला आहे, आधी वाचून घ्या. माझी तक्रार त्याच्या लेखकांबद्दल नाही. तो वाचून आपण जे करतो त्याबद्दल आहे.

आधी त्यातलं घेण्यासारखं. आपल्याकडे खाडीकिनारा सुधारायचा म्हटलं की सरळ तिवराची रोपं लावली जातात आणि आकडा छापला जातो. रोपं लावली किती, हे कळतं. तीन पावसाळ्यांनंतर उभी किती, हे शोधावं लागतं. उघड्या, खारट, घट्ट झालेल्या जमिनीत झाडाच्या आधी गवत येऊ द्यावं, त्याने गाळ धरावा, मग पुढचं बघावं, हा विचार या पेपरने गांभीर्याने घेतला. गवताला तिथे काम आहे, ते नुसतं भरतीचं नाही.

आता अडचण. त्यांच्या यादीतली नावं बघा: पोर्टेरेसिया कोआर्क्टाटा, मिरिओस्टॅकिया वायटियाना, स्पोरोबोलस व्हर्जिनिकस, पास्पालम व्हॅजिनाटम. ही यादी ‘भारतीय किनाऱ्यासाठी देशी गवतं’ अशा मथळ्याखाली आपल्या प्रपोजलमध्ये जशीच्या तशी उतरते. पण मिरिओस्टॅकिया हे बंगालच्या उपसागराच्या बाजूचं गवत. पास्पालमचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. बरेच जण ते अमेरिकेतलं मानतात. म्हणजे चारातल्या दोन नावांवर व्हायवात पहिल्याच प्रश्नाला गाडी अडणार.

खारबावचं उदाहरण घेऊ. दिवा-वसई रेल्वेमार्गावर भिवंडी आणि कामण यांच्या मधलं हे स्टेशन, नावातच खार. वसईच्या खाडीच्या या पट्ट्यात बांध घालून भरती अडवायची, उघाडीतून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि आतल्या खार जमिनीत पावसाळी भात घ्यायचं, ही जुनी रीत. बांध फुटला किंवा उघाडीचं दार नीट बसलं नाही की खारं पाणी आत शिरतं आणि पुढचं पीक हातचं जातं. तेव्हा बांधाच्या बाहेरच्या अंगाला कुठलं गवत टिकेल, हा इथे प्रबंधापुरता प्रश्न नाही. त्यावर कोणाचं तरी भात अवलंबून आहे.

या खाडीची तब्येत सुंदरबनासारखी नाही. पावसाळ्यात उल्हास नदीचं गोडं पाणी येतं आणि खारटपणा एकदम खाली जातो. मे महिन्यात तो चढलेला असतो. वरून कल्याण-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यातलं सांडपाणी येतं. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांच्या उंचीत एवढा फरक असतो की बांधापासून वीतभर वर किंवा खाली लावलेल्या रोपाचं नशीब वेगळं होतं. जात तीच, पण सुंदरबनातून किंवा गोव्यातून आणलेलं रोप इथे टिकेल का, हे लावून पाहिल्याशिवाय कसं सांगणार?

म्हणून ‘देशी’ हा शब्द दोनदा तपासा. जात देशी आहे का, हा एक प्रश्न. लावायला घेतलेलं रोप कुठल्या खाडीतलं, किती वेगवेगळ्या आयांपासून घेतलं, हा दुसरा. पेपर वाचताना ‘साहित्य आणि पद्धती’ उघडा आणि फक्त हे शोधा. ‘रोपवाटिकेतून मिळवले’ एवढंच लिहिलेलं असेल तर निष्कर्ष जरा हात राखूनच वाचा.

दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. लुइझियानात किनारा झपाट्याने पाण्याखाली जातोय. तिथल्या कृषी खात्याने स्पार्टिना या तिथल्याच गवताची एक निवड १९८९ साली ‘व्हर्मिलियन’ या नावाने वापरात आणली. आडव्या खोडाचे तुकडे लावायचे, वाढ जोमदार, सगळं सोयीचं. पण अशा लागवडीत मैलोन्‌मैल एकच रोप पुन्हा पुन्हा उभं राहतं, म्हणून तिथल्याच संशोधकांना पुढे जास्त विविधता असलेल्या, बियांवरच्या वाणांकडे वळावंसं वाटलं. हेच स्पार्टिना १९७९ मध्ये चीनने परदेशातून नेऊन आपल्या किनाऱ्यावर लावलं. ते इतकं पसरलं की २०२२ मध्ये ते काढून टाकण्याची देशव्यापी मोहीम घ्यावी लागली. एकाच गवताच्या या दोन गोष्टी कुठल्याही पाठ्यपुस्तकात शेजारी-शेजारी छापायला हव्यात.

आपल्याकडे मात्र याचं बरं उदाहरण घरातच आहे, फक्त ते ‘संवर्धन’ या कप्प्यात नसल्याने आपण बघत नाही. भात हेसुद्धा गवतच. कोकणातल्या खार जमिनीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं राता भात घ्या. त्यातून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ या निवडी झाल्या. नावापुढचे आकडे हीच त्या निवडीची ओळख. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ हे वाण दिले. खाऱ्या जमिनीसाठी गवत ‘विकसित’ करण्याची अख्खी शिस्त आपल्याकडे आहे. ती बांधाच्या आतल्या बाजूला थांबली, बाहेर गेलीच नाही.

बाहेरच्या बाजूचा खरा उमेदवार यादीतलं पहिलं नाव, पोर्टेरेसिया. हा भाताचा रानटी भाऊबंद. आता त्याला ओरायझा कोआर्क्टाटा म्हणतात. पानांवरच्या बारीक केसांतून मीठ बाहेर टाकतो, जमिनीखाली आडव्या खोडाने पसरतो. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या कुरणांचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे जगताप आणि सहकारी यांनी २००६ मध्ये ‘ॲक्वाटिक बॉटनी’त छापला. पश्चिम किनाऱ्यावर काम करायचं असेल तर सुरुवात या पेपरपासून करा, सुंदरबनापासून नको.

पण या गवतावर नाव गाजलेलं काम कुठलं? २००४ मध्ये मजी आणि सहकाऱ्यांनी त्यातलं मीठ सोसणारं एक विकर तयार करणारा जनुक वेगळा करून तंबाखूत घातला, आणि तंबाखूची मीठ सोसण्याची ताकद वाढली. काम पक्कं आहे, ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आहे. मला खटकतं ते पुढचं. त्यानंतर या गवताकडे बघायची सवयच तशी झाली: भातासाठी जनुकांचं कोठार. चिखलात उभं राहून गाळ धरणारी वनस्पती म्हणून त्याला वेळ देणारे थोडे. लॅबमध्ये निकाल दोन सेमिस्टरमध्ये येतो आणि चिखलात तीन पावसाळे जातात, हे त्यामागचं साधं कारण असावं. गाईड निवडताना हे लक्षात असू द्या.

कुंडीतल्या प्रयोगांबद्दलही थोडं. मिठाचं पाणी घालून चार आठवडे जगवलेलं रोप ‘खारसहिष्णु’ ठरतं. खाडीत त्याच रोपाला प्राणवायू नसलेला चिखल, सल्फाइड, दिवसातून दोनदा बुडणं आणि लाटेचा मार असं सगळं एकदम मिळतं. कुंडीचा प्रयोग चाळणी म्हणून ठीक. त्यावरून ‘किनारा संरक्षणासाठी उपयुक्त’ असं शेवटचं वाक्य लिहिणारे पेपर मात्र ढिगाने सापडतात. ते वाक्य खोडून बघा, पेपरचं काहीही बिघडत नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या गवताच्या पेपरांत सहसा येत नाहीत. वसईच्या खाडीत रेती उपसा वर्षानुवर्षं चाललेला आहे. तळच खाली गेला तर काठावरचं गवत बिचारं काय धरणार? साइट निवडताना हे आधी बघा, नाहीतर उपशाचा दोष तुमच्या रोपाच्या नावावर जाईल. दुसरं म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा प्रत्येक चिखल ‘रिकामा’ नसतो. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात ते अशाच चिखलावर. तिथे गवत लावणं हे संवर्धन नव्हे.

हे काम हातात घेणार असाल तर एक व्यवहाराची माहिती. पोर्टेरेसियाचं बी वाळलं की मरतं, त्यामुळे आणून कपाटात ठेवता येत नाही. आडव्या खोडाचे तुकडे ओले असतानाच न्यावे लागतात. वेगवेगळ्या खाड्यांमधून घ्या, एका जागी दोन तुकड्यांमध्ये भरपूर अंतर सोडा, नाहीतर दहा रोपं म्हणून एकच रोप दहा वेळा गोळा कराल. भरतीच्या खुणेपासूनची उंची प्रत्येक तुकड्याच्या चिठ्ठीवर तिथल्या तिथे लिहा. कांदळवनाच्या बऱ्याच जागा वनखात्याकडे असल्याने परवानगी आधी लागते. तो अर्ज पहिल्याच सत्रात टाका.