गव्हाणीपाशी गौरव कोणाचा?

डिसेंबर उजाडला की मराठी नियतकालिकांची नाताळनिमित्तची पाने भरू लागतात. कथा असतात, कविता असतात, एखादा चिंतनपर लेखही असतो. ही पाने आम्ही पुष्कळ वर्षे आस्थेने वाचत आलो आहोत, आणि त्यांतील एक गोष्ट आम्हांला दिवसेंदिवस अधिक खटकू लागली आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या रानात देवदूतांचा समुदाय जे गीत गातो त्याला दोन अंगे आहेत. पहिल्यात उंच स्वर्गात देवाचा गौरव होतो. दुसऱ्यात पृथ्वीवर देवाची कृपादृष्टी लाभलेल्या माणसांना शांती मिळते. आमच्या लेखकांनी दुसरे अंग उचलले आणि पहिले रानातच ठेवून दिले. शांती, प्रेम, बंधुभाव, गोरगरिबांची सेवा यांवर आमच्या कविता भरभरून बोलतात. देवाचा गौरव मात्र दूरच्या नातलगासारखा पत्रिकेच्या तळाशी नावापुरता उरतो.

असे का व्हावे हे न समजण्यासारखे नाही. वसईत घंटा वाजली की गाव जागे होते. जळगाव-धुळ्याकडे तसे नाही. येथे आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी भुसावळला रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेले, कोणी नगर-नाशिककडून बदलीवर आलेले, कोणी सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल वा पावरा. शेजारी मोठ्या आपुलकीने विचारतात, ‘‘तुमच्या या सणाचा अर्थ काय हो?’’ अशा वेळी शांती आणि प्रेम ही उत्तरे सोपी असतात व सर्वांना पटतात. देवाच्या गौरवाविषयी बोलू लागलो तर प्रवचन होईल अशी भीती वाटते. म्हणून आम्ही अर्धे सांगतो. तक्रार त्या संकोचाविषयी नाही. शेजाऱ्याला सांगितलेले अर्धे उत्तर पुढे आपल्याच घरात पूर्ण उत्तर म्हणून नांदू लागते, ही आमची तक्रार आहे.

यात काही दोष ‘गौरव’ या शब्दाच्या नशिबाचाही आहे. हा शब्द आता सत्काराच्या बाजारात गेला. गौरव समारंभ, गौरवग्रंथ, गौरवचिन्ह, शाल आणि श्रीफळ. चौकाचौकांतल्या फलकांवर तर नाताळच्या शुभेच्छांमध्येही बाळ येशू टपालाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छुक मात्र पुरुषभर उंच! शब्दाचा हा वापर मुळात वाईट नव्हे. 1907 साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले, तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ हे नाव दिले. तोही गौरवच होता, आणि योग्य माणसाचा होता. परंतु अशा गौरवात देणारा मोठा असतो आणि घेणाऱ्याला त्याने काहीतरी मिळते. हाच अर्थ मनात धरून देवाचा गौरव म्हटले की वाक्यच ओशाळवाणे होते. आम्ही देवाला शाल पांघरणार ती कोणती?

म्हणून शब्दाच्या मुळाशी जावे लागते, आणि तेथे मराठी वाचकाला एक आनंदाचा धक्का बसतो. जुन्या करारात देवाच्या तेजाला, प्रतापाला हिब्रू शब्द आहे ‘कावोद’. त्याचा धातू जडपणाचा, वजनाचा आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘डोक्सा’ शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ मत, लौकिक. लॅटिनमधील ‘ग्लोरिया’ही कीर्तीकडेच झुकते. आमचा ‘गौरव’ मात्र ‘गुरू’पासून आला आहे, आणि गुरू म्हणजे जड, भारी. संस्कृतात गौरवाच्या समोर लाघव उभे असते. ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही थोर भाषांना जे साधले नाही ते मराठी बायबलच्या भाषांतरात, कदाचित नकळत, साधून गेले. देवाचा गौरव करणे म्हणजे देवाचे वजन ओळखणे. ते आम्ही वाढवू शकत नाही. मिस्साविधीतील एका प्रास्ताविक प्रार्थनेत आपण हे कबूलच करतो, की आमच्या स्तुतीने देवाच्या मोठेपणात भर पडत नाही, तिचा लाभ आम्हांलाच होतो. कापसाच्या काट्यावर उभ्या राहिलेल्या खानदेशी शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. वजन मालात असते; काट्याने खरे सांगावे एवढीच अपेक्षा असते.

हे वजन इस्राएलच्या इतिहासात एके काळी शलमोनाच्या मंदिरात उतरले होते. ढग असा दाटला की याजकांना उभे राहवेना. पुढे यहेज्केल संदेष्ट्याने तेच तेज मंदिर सोडून पूर्वेकडे निघून जाताना पाहिले. मंदिर पुन्हा बांधले गेले, हेरोदाने ते वैभवशाली केले, परंतु तेज परत आल्याचा तसा प्रसंग कोठे नोंदलेला नाही. लूक मात्र सांगतो की प्रभूचे तेज एका रात्री उघड्या रानात, मेंढरे राखणाऱ्यांच्या भोवती प्रकाशले. आमच्या मते नाताळच्या साऱ्या कथेत याहून मोठी घटना एकच आहे, आणि ती म्हणजे स्वतः ते बाळ. आमच्या नाताळकवितांत मात्र तेथे नुसते चांदणे असते.

हे मेंढपाळ आमच्या लेखकांना ओळखता येऊ नयेत हे नवल आहे. साक्रीकडचे ठेलारी दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात. रात्री एखाद्याच्या शेतात मेंढरे बसवतात; लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. थंडीत उघड्यावर बिऱ्हाड, कुत्र्याच्या भुंकण्यावर कान, लांडग्याची आणि चोराची धास्ती. 24 डिसेंबरच्या रात्री आपण मिस्सेला निघतो तेव्हा ते असेच कोठेतरी जागे असतात. आमच्या नाताळकथेतले मेंढपाळ मात्र परदेशी शुभेच्छापत्रावरून आलेले असतात, आखडी काठी आणि पायघोळ झगा घेऊन. आणि लूकचे शेवटचे वाक्य तर आम्ही वाचतच नाही. मेंढपाळ बाळाला पाहून परत गेले, आणि जाताना देवाचा गौरव व स्तुती करीत गेले. त्यांची मेंढरे वाढली नाहीत, कराची नावनोंदणी टळली नाही. देवदूतांनी आकाशात सुरू केलेले गाणे आता त्यांच्या तोंडी होते, एवढाच फरक पडला होता.

मराठी साहित्याला ही दृष्टी परकी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले आणि 1616 मध्ये रायतूरला त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभ आपल्याकडच्या पुराणांच्या रीतीने मंगलाचरणाने होतो. आधी त्रैक्य परमेश्वराला वंदन, मग कथा. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती माणसांना काही वाचायला हवे होते, आणि फादरांनी त्यांना नुसती माहिती न देता स्तुतीची भाषा दिली. ओवी ही मुळातच म्हणण्याची गोष्ट. गोव्यातील देवळांत हे पुराण पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचले गेले. शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये ते देवनागरीत संपादित करून महाराष्ट्रातील वाचकांपुढे ठेवले. आमच्या किती घरांत ते आहे हा प्रश्न आम्ही विचारीत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा पंथ वेगळा, परंतु त्यांच्या अभंगांनी पंथांच्या भिंती केव्हाच ओलांडल्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वारकऱ्यांचे छंद आणि कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणली. टिळकांच्या अभंगात ख्रिस्ताविषयीचे प्रेम आहे तसेच लोटांगणही आहे. एकाशिवाय दुसरे येत नाही. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून पुरे झाले नाही, लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. बालकवींना मुलासारखे सांभाळणारे अहमदनगरचे घर ते हेच. बालकवींच्या कवितेत आनंद सगळीकडे भरून वाहतो, परंतु तो कोणाच्या चरणी वाहायचा हे ती बहुधा सांगत नाही, आणि पुढच्या कवितांत उदासी दाटते. त्यांचा दोष काढण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. तो कवी मोठाच होता आणि 1918 मध्ये भादली स्थानकात रेल्वेखाली तो गेला तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. आजच्या नाताळकवितेने मात्र टिळकांपेक्षा बालकवींचे बोट धरले आहे असे दिसते, तेही त्यांच्या प्रतिभेशिवाय.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाटलाचा, सावकाराचा, साहेबाचा जयजयकार करायला लावला, त्या दलित आणि आदिवासी कुटुंबांना आम्ही पुन्हा डोके वाकवायलाच सांगणार काय? ख्रिस्ती होण्याचा त्यांना उमगलेला अर्थ तर मान ताठ करण्याचा होता. या आक्षेपाचे उत्तर लूकनेच दिले आहे, असे आम्ही मानतो. त्याची कथा सुरू होते ती ऑगस्टस कैसराच्या हुकमाने. आशिया मायनरमधील प्रिएने येथे सापडलेल्या इ.स.पू. 9 च्या शिलालेखात याच ऑगस्टसचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी शुभवार्तेचा आरंभ, असे म्हटले आहे, आणि त्या दिवसापासून नवे वर्ष मोजायचे ठरले. तारणारा, शुभवार्ता, शांती हे सारे शब्द तेव्हा दरबारी होते. देवदूतांनी ते शब्द उचलून एका गव्हाणीपाशी नेले. गौरव वर देवाचा, असे एकदा म्हटले की खाली कोणा कैसराला त्यातला वाटा उरत नाही. पवित्र मरियेने आपल्या स्तोत्रात प्रभूची थोरवी गायली, आणि त्याच श्वासात अधिपती आसनांवरून उतरले, भुकेले तृप्त झाले. जो देवापुढे खरोखर वाकला त्याला दुसऱ्या कोणापुढे वाकवणे कठीण जाते. नुसत्या शांतीचे गाणे मात्र कैसरालाही आवडते. त्याच्या राज्यात तेच चालू होते.

आता जी कविता आम्हांला या विषयावर सर्वांत जवळची वाटते ती ख्रिस्ती नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांनी लेवा बोलीत गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी ती टिपून ठेवली, आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. जळगावचे विद्यापीठ 2018 पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. मातीत निजलेल्या बियाण्यांवरचे त्यांचे गाणे खानदेशात शाळकरी मुलालाही माहीत आहे. बी फुटते, कोंबातून दोन पाने वर येतात, आणि बाईंना ती जोडलेल्या हातांसारखी दिसतात. मग पाने टाळ्या वाजवतात, देवाच्या भजनात दंग होतात. आणि त्यानंतरच, त्यानंतरच, ती आबादानीसाठी करुणा भाकतात. आधी भजन, मग आबादानी. देवदूतांच्या गीताचा क्रम हाच आहे. यशया संदेष्ट्यालाही रानातली झाडे टाळ्या वाजवताना दिसली होती. आसोद्याच्या शेतात बसून बाईंना ती पुस्तकाविना दिसली. या गाण्यातून भजनाची ओळ काढून टाका आणि फक्त आबादानी ठेवा: उरेल ती शेतीखात्याची जाहिरात. आमच्या पुष्कळ नाताळकवितांचे असेच होते, फक्त खाते वेगळे, समाजकल्याणाचे.

उपासनेने हा क्रम कधी सोडला नाही. आगमनकाळाच्या चारही रविवारी ग्लोरिया म्हटला जात नाही. जुन्या रोमी नोंदी सांगतात की हे स्तोत्र रोमच्या मिस्सेत प्रथम ख्रिस्तजन्माच्या रात्रीच म्हटले जाई. पोप सिमाकुस (498–514) यांनी ते रविवारी आणि हुतात्म्यांच्या सणांना म्हणण्याची परवानगी दिली, तीही बिशपांनाच. आज आपण ते वर्षभर म्हणतो, काही वेळा तर उभ्याउभ्या घड्याळाकडे पाहत. परंतु चार आठवड्यांच्या मौनानंतर मध्यरात्री घंटा वाजतात आणि ते उसळून येते, तेव्हा त्याचे जन्मस्थान आठवते.

फादर स्टीफन्स लोकांच्या बोलीपर्यंत उतरले. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या धर्मग्रामांत घरी अहिराणी बोलली जाते, पावरी बोलली जाते, मावची बोलली जाते, आणि देवळात मात्र सगळे पुस्तकी मराठीत गातात. देवदूतांचे गीत, दोन्ही अंगांसह, या बोलींत कसे होईल? ‘गौरव’ला अहिराणीत कोणता शब्द बसेल, जड, भारी असा, सत्काराचा वास नसलेला? हे काम कवींचे आहे, आणि आजी-आजोबांना विचारून करण्याचे आहे. कोणी केले असेल, किंवा या आगमनकाळात करून पाहील, तर त्यांनी ते या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावे. चाल जात्यावरच्या ओवीची असली तरी चालेल.