सोबतीविना निवेदन : मराठी प्रवासवर्णनातील भूमध्यसागर

घाटावरील प्रवाशाला समुद्राची पहिली चाहूल लागे ती पनवेलच्या खाडीवर. १८३० मध्ये बोरघाटातील रस्ता खुला झाल्यानंतर पुण्याहून मुंबईस निघालेला प्रवासी घाट उतरून पनवेलला येई व तेथून जलमार्गाने पुढे जाई. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली ती कर्जतमार्गे, आणि पनवेलचे बंदर मागे पडले. सोबत पाहून निघावे हा त्या काळच्या प्रवासाचा रिवाज होता. बंदराचे महत्त्व ओसरले, तरी हा रिवाज मराठी प्रवासवर्णनाच्या रूपात दीर्घकाळ टिकून राहिलेला दिसतो.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये काका बरोबर आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंबरोबर कन्या मनोरमा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) सुनीताबाई आहेत. ही सोबत केवळ चरित्रात्मक तपशील नव्हे. सोबती असला की निवेदकाच्या ‘मी’ला एक साक्षीदार मिळतो, मतभेदाला जागा राहते, आणि स्वतःकडे हसून पाहण्याची सोय होते. ‘आम्ही’ हे सर्वनाम अनुभवाची विश्वसनीयता परस्पर सिद्ध करते. एकट्या निवेदकाला ही सोय नसते.

या दृष्टीने मीना प्रभु (निधन २०२५) यांचे लेखन महत्त्वाचे ठरते. लंडनमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या या लेखिकेने अनेक प्रवास एकटीने केले. प्रत्यक्ष प्रवासात कोण बरोबर होते, हा चरित्राचा प्रश्न झाला; निवेदनाने सोबतीला कोणास घेतले, हा समीक्षेचा. भूमध्यसागराकाठच्या देशांवरील त्यांच्या चार पुस्तकांची शीर्षकेच याचे उत्तर सुचवितात : ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’, ‘इजिप्तायन’. प्रत्येक शीर्षकात परका देश एखाद्या ओळखीच्या शब्दाचा हात धरून येतो. सोबतीची रिकामी जागा येथे भाषेच्या स्मृतीने भरली आहे.

तथापि ही सोबत चारही ठिकाणी सारख्या प्रतीची नाही. ‘नामा’ हे फारसी पद करारनाम्यापासून जाहीरनाम्यापर्यंत मराठीत मुरलेले आहे, आणि उस्मानी दरबारालाही फारसी परकी नव्हती. त्यामुळे ‘तुर्कनामा’तील जवळीक आरोपित वाटत नाही, ती दोन संस्कृतींच्या सामाईक ठेव्यातून आलेली आहे. ‘इजिप्तायन’मध्ये ‘अयन’ या पदाचा ‘जाणे’ हा मूळ अर्थ रामकथेच्या स्मरणाइतकाच जागा राहतो. ‘रोमराज्य’मध्ये मात्र आदर्श राज्याची कल्पना साम्राज्यावर बेतली जाते. त्यातून उपरोध संभवतो, तसाच गौरवही. शीर्षक निवाडा करीत नाही. ‘ग्रीकांजली’तील ‘अंजली’ तर प्रवाशाला भक्ताची भूमिका देते. ओंजळ वाहण्यासाठी जो येतो त्याला मंदिर दिसते. मंदिराबाहेरचा फेरीवाला, बंद दुकान, परक्याकडे रोखलेली नजर दिसेलच असे नाही.

एकट्या प्रवासाची खरी कसोटी येथेच आहे. एकटेपणामुळे परक्या स्थळाचे परकेपण अंगावर येते, आणि त्या क्षणी निवेदक घरच्या उपमेचा आधार घेतो. ही उपमा स्थळ समजण्याचे साधन आहे की त्याच्यापासून बचाव करण्याचे, हे प्रत्येक संहितेत तपासले पाहिजे. प्रवासवर्णनाला ‘माहितीपर’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने हा प्रश्न क्वचितच विचारला. मराठीत एकटीने जाणे तिकिटापुरते साधले असेल. निवेदनात ते साधण्यासाठी काही काळ उपमेविना, अर्थ न लागलेल्या स्थळासमोर उभे राहण्याची तयारी लागते. पनवेलच्या धक्क्यावरून सोबत घेऊन निघालेल्या या वाङ्मयप्रकाराचे ते अद्याप अपुरे राहिलेले अंतर आहे.